वलगावच्या मैदानात पृथ्वीचा घेर

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की दहा-बारा किलोमीटरवर पेढी नदीच्या काठी वलगाव लागतं. तिथल्या कुठल्याही शाळेचं मैदान डोळ्यांपुढं आणा. दिवस २३ सप्टेंबरचा, दुपारचे पावणेबारा. पाऊस सरत आलेला, कपाशी पात्याफुलांवर आलेली, आणि ऊन पाठीला चांगलं जाणवणारं. मैदानाच्या मधोमध एक मीटर उंचीची काठी रोवायची. ती सरळ उभी आहे की नाही हे गवंड्याच्या ओळंब्यानं दोन बाजूंनी तपासायचं. मग आठवी-नववीच्या पोरांनी भोवती बसायचं आणि दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवायचा. एकानं घड्याळ बघायचं, एकानं खडा ठेवायचा, एकानं मोजपट्टी धरायची, एकानं वहीत लिहायचं.

पहिलं नवल पंधरा मिनिटांत समोर येतं. खडे एका सरळ रेषेत पडत जातात. वर्षातल्या इतर दिवशी सावलीचं टोक वाकडी वाट काढतं, पण दिवस आणि रात्र सारखे असतात त्या दिवसांत ती वाट जवळजवळ सरळ असते. खड्यांची ती रांग म्हणजे अचूक पश्चिम-पूर्व रेषा. होकायंत्र नाही, मोबाईल नाही, आणि तरी मैदानावर दिशा उमटलेली. आपल्याकडं यज्ञवेदी मांडणाऱ्यांना ही दिशा लागायची, म्हणून कात्यायनाच्या शुल्बसूत्रात शंकूभोवती, म्हणजे रोवलेल्या काठीभोवती, वर्तुळ काढून, सावलीचं टोक वर्तुळात कुठून शिरलं आणि कुठून बाहेर पडलं यावरून पूर्व-पश्चिम ठरवायची रीत दिली आहे. मैदानावर दोरी आणि चुन्यानं तेही वर्तुळ काढून बघावं. दोन्ही रेषा एकमेकींना समांतर आल्या की पोरांच्या तोंडून जो आवाज निघतो, तो कुठल्याही गृहपाठातून निघत नाही.

दुसरं नवल घड्याळाचं. बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला आणि सावली सगळ्यांत लहान झाली, असं आपण धरून चालतो. बाराला सगळे काठीकडं टक लावून बसतात आणि सावली काही थांबत नाही. "थांब ना बे, अजून कमी होऊन रायली!" असं कुणीतरी ओरडतंच. बारा वाजून पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती थांबते बारा वाजून साधारण बारा मिनिटांनी.

याचं कारण असं की आपल्या मनगटावरची वेळ वलगावची नाहीच. ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची वेळ आहे. वलगाव आहे ७७.७ अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात, म्हणून तिथल्यापेक्षा आपल्याकडं सूर्य सरासरी १९ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मग सप्टेंबरात १९ ऐवजी १२ का? कारण पृथ्वी सूर्याभोवती एकसारख्या वेगानं फिरत नाही आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळं सूर्य वर्षभर कधी घड्याळाच्या पुढं, तर कधी मागं असतो. हाच प्रयोग फेब्रुवारीच्या मध्याला केला तर माध्यान्ह ३३ मिनिटांनी होईल, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला अवघ्या ३ मिनिटांनी. वलगावचं खरं माध्यान्ह वर्षभरात अर्ध्या तासाच्या पट्ट्यात मागंपुढं होत असतं, आणि शाळेची मधल्या सुट्टीची घंटा मात्र एकाच ठोक्याला होते.

आता सगळ्यांत आखूड सावली मोजा. ती ३८ सेंटिमीटरच्या आसपास येईल. कागदावर १० सेंटिमीटरची उभी रेघ आणि तिच्या पायाशी ३.८ सेंटिमीटरची आडवी रेघ काढा, टोकं जोडा, कंपासपेटीतला कोनमापक वरच्या कोनाला लावा. २१ अंश. सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो त्या दिवशी हा कोन म्हणजेच आपल्या गावाचा अक्षांश. नकाशाच्या पुस्तकात छापलेला आकडा पोरांनी आपल्या मैदानातून उपटून काढला. त्रिकोणमितीचं नावही अजून घेतलेलं नाही.

आणि आता जी गोष्ट सांगतो ती मला स्वतःला फार मोलाची वाटते. वलगावातून सरळ दक्षिणेला नजर टाकली, तर त्याच रेखावृत्ताच्या आसपास बंगळूर आहे आणि आणखी खाली कन्याकुमारी. तिन्ही ठिकाणांच्या रेखांशात पाव अंशाचाही फरक नाही. म्हणजे तिन्ही ठिकाणी माध्यान्ह जवळजवळ एकाच मिनिटाला होतं. वलगावच्या एखाद्या पोराचा मामा बंगळुरात नोकरीला असेल, तर त्यानं त्याच दिवशी, त्याच वेळी गच्चीवर एक मीटरची काठी धरावी. त्याला सावली मिळेल २३ सेंटिमीटर. कन्याकुमारीला ती उरते १४ सेंटिमीटर.

सूर्य तोच, काठी तेवढीच, वेळही तीच. मग सावली वेगळी कशी? सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण दोन्ही गावांत समांतरच येतात. वेगळेपण काठ्यांमध्ये आहे. वलगावची सरळ काठी आणि बंगळूरची सरळ काठी एकमेकींना समांतर नाहीत, कारण खालची जमीनच वाकलेली आहे. वलगावात कोन २१ अंश, बंगळुरात १३. फरक ८ अंशांचा. पूर्ण वर्तुळाचा पंचेचाळिसावा भाग. दोन गावांमधलं सरळ अंतर नकाशाच्या प्रमाणपट्टीवरून मोजलं तर सुमारे ८९० किलोमीटर भरतं. ८९० गुणिले ४५, म्हणजे ४०,०५०.

चाळीस हजार पन्नास किलोमीटर. हा पृथ्वीचा घेर आहे. ध्रुवांवरून जाणाऱ्या वर्तुळाचा आज मान्य असलेला आकडा ४०,००८ आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसनं सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांच्या सावल्यांवरून हेच केलं होतं. त्याला वर्तुळाचा पन्नासावा भाग मिळाला, आपल्याला पंचेचाळिसावा मिळतो. अवजार तेच आहे.

पण थांबा. एवढं सुरेख उत्तर वर्गात पहिल्या फटक्यात येत नाही, आणि ते येत नाही यातच या तासाचा खरा जीव आहे. सावलीचं टोक जवळून बघा. ते धारदार नसतं. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाची थाळी आहे, म्हणून एक मीटर काठीच्या सावलीचं टोक सुमारे सेंटिमीटरभर धूसर असतं. एक गट म्हणेल ३८, दुसरा म्हणेल ३९, तिसरा साडेसदतीस. या ठिकाणी एका सेंटिमीटरची चूक म्हणजे कोनात अर्धा अंश. आठाऐवजी साडेसात अंश धरले की पृथ्वी फुगून ४२,७०० किलोमीटर होते, आणि साडेआठ धरले की आकसून ३७,७०० वर येते. बोटाच्या पेराहून लहान अंतर, आणि त्यात पाच हजार किलोमीटरची पृथ्वी हालते.

फळ्यावर सहा गटांचे सहा आकडे लिहिले जातात. मग मागच्या बाकावरून हमखास येणारा प्रश्न येतो, "सर, आमचं चुकलं का जी?"

मला वाटतं, गणित-विज्ञानाच्या वर्गात याहून मोलाचा प्रश्न नाही, आणि त्याचं उत्तर देण्याची घाई करू नये. पुस्तकात एकच आकडा छापलेला असतो, म्हणून पोरांना वाटतं की जगातही एकच आकडा असतो आणि आपल्या हाती दुसरा आला तर दोष आपला. प्रत्यक्षात मोजणारा प्रत्येक माणूस थोडा वेगळा आकडा आणतो. १७९६ साली इंग्लंडमधल्या ग्रिनिच वेधशाळेत डेव्हिड किनेब्रूक नावाचा सहायक होता. तारा दुर्बिणीतल्या तारेवरून जाताना तो जी वेळ टिपायचा, ती वेधशाळेचा प्रमुख मॅस्कलिन याच्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे आठ दशांशानं उशिराची असायची. मॅस्कलिननं त्याला कामावरून काढून टाकलं. पुढं बेसेल या जर्मन खगोलज्ञानं ती नोंद वाचली आणि नामांकित निरीक्षकांना एकमेकांशी ताडून पाहिलं. तेव्हा कळलं की प्रत्येकाच्या डोळ्या-हाताचा आपापला उशीर असतो. किनेब्रूकचं काही चुकलं नव्हतं, तो माणूस होता एवढंच.

हा उशीर वर्गात पाच मिनिटांत मोजता येतो. एकानं तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरायची, दुसऱ्यानं खालच्या टोकाशी बोटं न टेकवता उघडी ठेवायची. पहिल्यानं न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्यानं पकडायची. बहुतेकांच्या हाती ती वीसेक सेंटिमीटर घसरून सापडते. वीस सेंटिमीटर पडायला वस्तूला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे डोळ्यानं बघितलं, मेंदूला कळलं, बोटं मिटली, एवढ्याला गेलेला वेळ पट्टीवर सेंटिमीटरमध्ये छापून आला. कबड्डी खेळणाऱ्या पोरीचा आकडा किती येतो, रात्री जागलेल्याचा किती, यावर मग वर्गात जी चढाओढ लागते ती लागू द्यावी.

सहा गटांचे सहा आकडे बेरजेला घेऊन सहानं भागले की काहींची जास्तीची चूक काहींच्या कमीच्या चुकीत विरते. उरतो तो आकडा बहुतेक वेळा सहांपैकी बऱ्याच जणांपेक्षा खऱ्याच्या जवळ असतो. हुशार पोराच्या एकट्याच्या मोजणीपेक्षा सगळ्यांची मिळून केलेली मोजणी सरस ठरते. पण एक अट आहे, कुणी कुणाचं बघून लिहायचं नाही. एकमेकांची नक्कल केलेले सहा आकडे म्हणजे एकच आकडा सहा वेळा लिहिलेला. परीक्षेत नक्कल का करू नये याची कारणं पोरांनी बरीच ऐकलेली असतात, गणितानं दिलेलं हे कारण मात्र त्यांना नवं असतं.

ज्या रेखावृत्तावर आपली काठी उभी आहे, तिथं दोनशे वर्षांपूर्वी हाच उद्योग फार मोठ्या प्रमाणात चालू होता. विल्यम लॅम्बटन या सर्वेक्षकानं १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी साडेसात मैलांची एक सरळ पायारेषा साखळीनं मोजली. लोखंड-पोलाद तापलं की लांब होतं, म्हणून साखळी पेट्यांमध्ये ठेवून, वर राहुटीची सावली धरून, दर वेळी तापमान टिपून मोजायची. या एका रेषेला ५७ दिवस लागले. (वऱ्हाडातल्या उन्हात हे पटायला वेळ लागत नाही. तीस मीटरची पोलादी टेप सकाळपेक्षा दुपारी वीस अंशांनी जास्त तापली तर सात मिलिमीटरनं वाढते.) त्या एका रेषेवर त्रिकोण, त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण, असे त्रिकोणांना त्रिकोण जोडत कन्याकुमारीपासून उत्तरेकडं एक साखळी निघाली. टेकड्यांवर, देवळांच्या शिखरांवर, जिथं उंच जागा नाही तिथं मनोरे बांधून त्यांवर, सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट चढवायचा आणि कोन मोजायचे. १८२३ च्या जानेवारीत ही साखळी नागपूरकडं नेत असताना लॅम्बटन हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं हाती घेतलं, आणि १८३० मध्ये त्याचा जो ग्रंथ निघाला त्याच्या नावातच १८ अंश ३ मिनिटं ते २४ अंश ७ मिनिटं या पट्ट्यातल्या कमानीचं मोजमाप, असं लिहिलेलं आहे. वलगावचे २१ अंश या पट्ट्याच्या अगदी मधोमध येतात. वऱ्हाडच्या खोऱ्यातून ही साखळी सातपुड्याकडं गेली. आपल्या पोरांनी काठीच्या सावलीवरून जो कोन काढला, तोच त्या लोकांनी डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्यांवरून काढला. जमिनीवरचं अंतर किती आणि आकाशातला कोन किती, हाच तो हिशेब. ज्याच्या नावानं आज जगातलं सर्वांत उंच शिखर ओळखलं जातं तो माणूस त्या हिशेबासाठी वऱ्हाडची काळी माती तुडवत होता, ही गोष्ट आपल्या भूगोलाच्या तासात कधी येत नाही याची मला हळहळ वाटते.

त्रिकोणच का? याचं उत्तर काडेपेटीतल्या काड्यांत आहे. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटभर तुकडे कापा, त्यांत काड्यांची टोकं खुपसा, चार काड्यांचा चौकोन करा. जरा दाबला की तो कलंडतो आणि पतंगाच्या आकाराचा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा. तो दाबा, ओढा, हलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाला दुसरा आकारच घेता येत नाही. म्हणून सर्वेक्षणवाल्यांनी देश त्रिकोणांत बांधला, आणि म्हणूनच शाळेच्या टिनाच्या छपराखालच्या कैच्याही त्रिकोणाच्या असतात. मान वर करून छपराकडं बघायला सांगा. रोज ज्याच्या खाली बसतो त्या छपरात आपण हातात धरलेला त्रिकोण आहे, हे कळतं तेव्हा सगळा वर्ग वर बघत बसतो.

हा काड्या-ट्यूबचा खेळ अरविंद गुप्ता यांनी घरोघरी पोचवला. आयआयटी कानपूरमधून शिकलेला हा अभियंता पुण्यात टेल्कोत नोकरी करत होता. १९७८ मध्ये रजा घेऊन ते सातपुड्याच्या पलीकडं, मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला गेले. तिथं १९७२ पासून १६ शाळांत एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला होता. सहावी ते आठवीची मुलं चार-चारच्या टोळ्या करून प्रयोग करायची, निष्कर्ष फळ्यावर मांडायची, वाद घालायची. परीक्षेत पुस्तक उघडून बघायलाही मुभा होती, कारण परीक्षा पाठांतराची नव्हतीच. तीस वर्षं तो कार्यक्रम चालला आणि २००२ मध्ये सरकारी निर्णयानं बंद झाला. गुप्ता पुढं पुण्यात आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडवत राहिले. मेळघाटाच्या डोंगरापलीकडं एवढं मोठं काम उभं राहिलं होतं, आणि त्याला लागणारं सामान म्हणजे काडेपेटी, ट्यूब, दोरी, खडे. यांतली कुठली वस्तू वलगावच्या बाजारात मिळत नाही?

दोरीवरून आता लोलकाकडं येतो, कारण सावलीनं न सांगितलेली एक गोष्ट तो सांगतो.

सहा गटांना ९९ सेंटिमीटरची दोरी द्या, पण टोकाला प्रत्येकानं वेगळी वस्तू बांधायची. एकाला ओळंबा, एकाला कुलूप, एकाला खडा, एकाला वरुडचं संत्रं. लांबी वरच्या गाठीपासून वस्तूच्या मध्यापर्यंत मोजायची. आधी हात वर करायला लावा, कुणाचा लोलक जलद हलेल? बहुतेक हात ओळंब्याच्या बाजूनं जातात, जड ते जोरात. मग झोका लहान ठेवून दहा हेलकावे मोजायचे, जाऊन परत आला की एक. ओळंबा, वीस सेकंद. कुलूप, वीस सेकंद. खडा, वीस. संत्रं, वीस. प्रत्येक गट घड्याळात दोनदा बघतो, मग शेजारच्या गटाकडं बघतो. लोलकाला वजनाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त दोरीची लांबी कळते. जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते हे खरं, पण ती हलायलाही तेवढीच जास्त जड असते. दोन्ही बाबी एकमेकींना बरोबर तोलतात.

आता दोरी निम्मी करायला सांगा. सगळे म्हणतील वेळ निम्मा. तो निम्मा होत नाही, दहा हेलकाव्यांना चौदा सेकंद लागतात. निम्मा वेळ हवा असेल तर दोरी पाव करावी लागते. दुप्पट वेळ हवा असेल तर चौपट. नागपंचमीला लिंबाच्या फांदीला चार मीटरचा झोका बांधतात ना, त्याचा एक हेलकावा चार सेकंदांचा. वर्गमूळ म्हणजे वहीतली वाकडी खूण आणि तिच्याखाली अडकलेला आकडा, एवढीच ज्याची ओळख होती, तो पोरगा आता वर्गमूळावर बसून झोके घेतोय.

पुस्तकं या सेकंदी लोलकाची, म्हणजे एका बाजूला जायला एक सेकंद घेणाऱ्या लोलकाची, लांबी ९९.४ सेंटिमीटर देतात. वलगावात ती ९९.१५ च्या जवळ येते. हा अडीच मिलिमीटरचा फरक छपाईची चूक नाही. १६७२ मध्ये जाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. त्याचं पॅरिसमध्ये नीट चालणारं लोलकाचं घड्याळ तिथं दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागं पडू लागलं. लोलक तीनेक मिलिमीटरनं आखूड केला तेव्हा कुठं ते ताळ्यावर आलं. न्यूटननं यातून ओळखलं की विषुववृत्ताकडं गुरुत्व किंचित कमी आहे. फिरणारी पृथ्वी कमरेशी फुगली आहे आणि तिथं आपण तिच्या मध्यापासून थोडे लांब आहोत, शिवाय फिरण्यानं आपलं वजनही जरा हलकं होतं. ९९.४ हा पॅरिसचा आकडा आहे, आपण विषुववृत्ताच्या कितीतरी जवळ. लॅम्बटन आणि एव्हरेस्ट जन्मभर ज्याच्या मागं लागले होते ती गोष्टही हीच, की एक अंशाचं अंतर सगळीकडं सारखं नाही. आपल्याकडं ते ११०.७ किलोमीटर आहे, ध्रुवाजवळ १११.७. पृथ्वीचं पोट सुटलेलं आहे, आणि त्याची खूण वलगावच्या वर्गात दोरीच्या अडीच मिलिमीटरमध्ये लटकते आहे.

ती खूण दहा हेलकाव्यांत हाती लागत नाही. दोरी नेमकी ९९.४ सेंटिमीटरची घेतली, ओळंब्यासारखं जड वजन बांधलं, झोका अगदी लहान ठेवला आणि ३०० हेलकावे न चुकता मोजले, तर पुस्तकाप्रमाणे ६०० सेकंद व्हायला हवेत आणि होतात ६०० हून पाऊण सेकंद जास्त. पाऊण सेकंद म्हणजे पट्टी पकडण्याच्या उशिराच्या चौपट. म्हणजे पकडता येईल असा, पण एकट्यानं नाही. तीनशेची मोजणी एकाच्या डोक्यात टिकत नाही. एकानं शंभर मोजून दुसऱ्याकडं द्यायचे, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं, आणि चौथ्यानं फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा क्षण धरायचा. दिंडीत वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते तशी ही मोजणी हातोहात जाते.

मिळून केल्याशिवाय होतच नाही, असा शेवटचा एक प्रयोग आहे. त्याला खराटा लागतो, आणि खराट्याचा विषय वलगावात निघाला की माणूस क्षणभर थांबतो. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला तो इथंच, पेढी नदीजवळ, अमरावतीकडं नेत असताना वाटेत. ज्या हातातला खराटा साऱ्या महाराष्ट्रानं पाहिला, तो हात पोरांनी शिकावं म्हणून आयुष्यभर लोकांपुढं पसरला जात होता.

खराट्याच्या सरळ काड्या निवडून दहा-दहा सेंटिमीटरच्या कापा. फरशीवर खडूनं दहा-दहा सेंटिमीटरवर समांतर रेघा मारा. आता न बघता, न नेम धरता काड्या टाका. काही काड्या रेघेला छेदून पडतील, काही दोन रेघांच्या मध्ये. फक्त छेदणाऱ्या मोजा. एका गटानं शंभर टाकल्या तर साठ-पासष्टच्या आगंमागं येतील. काड्यांच्या एकूण संख्येची दुप्पट करा आणि छेदणाऱ्यांच्या संख्येनं भागा. उत्तर येतं पाय. वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, तोच तो ३.१४.

वर्तुळ कुठं आहे इथं? सरळ काड्या, सरळ रेघा. जॉर्ज-लुई बुफाँ या फ्रेंच विद्वानानं १७७७ मध्ये हे गणित छापलं. वर्तुळ दडलं आहे काडीच्या पडण्यात. पडताना ती कोणत्याही दिशेला तोंड करू शकते, आणि सगळ्या दिशा एकत्र केल्या की वर्तुळच होतं. एका काडीला पायचा पत्ताही नसतो. दहा काड्या टाकल्या तर उत्तर २ येईल, नाहीतर ४. शंभरांत ते डगमगत तीनच्या आसपास येतं. सहा गटांच्या सहाशे काड्या मिळवल्या की बहुतेक वेळा ३ आणि ३.३ च्या मध्ये बसतं. शेजारच्या तुकडीनं आणखी सहाशे टाकल्या, पुढच्या वर्षीच्या पोरांनी आणखी, आणि बेरीज शाळेच्या भिंतीवर लिहीत गेलं, तर तो आकडा वर्षागणिक ३.१४ कडं सरकत राहील. आपण पडू दिलेल्या काड्यांच्या पसाऱ्यातून एक ठरलेला आकडा वर येताना बघणं, हे पहिल्यांदा अनुभवताना अंगावर काटा येतो. निदान माझ्या तरी आला होता.

आणि पुढच्या वर्षीसाठी एक तारीख आधीच लिहून ठेवण्याजोगी आहे. वर्षातून दोन दिवस सूर्य वलगावच्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली नाहीशी होते. पुणे-नागपूरकडं हे होतं, पण दिल्लीत कधीच होत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडं आहे. आपला पहिला दिवस २५-२६ मे, तेव्हा शाळांना सुट्ट्या आणि बाहेर पाय ठेववत नाही असं ऊन. दुसरा दिवस १८ जुलैच्या आसपास, शाळा नुकत्याच भरलेल्या आणि आकाशात ढग. तेव्हा सूर्य दक्षिणेकडं परतत असतो आणि सावली नसलेला पट्टा त्याच्याबरोबर दिवसाला सुमारे वीस किलोमीटर खाली सरकतो. परतवाड्याला तो सोळा-सतराला असतो, वलगावला अठराला, अकोल्याला एकोणीस-विसाला. परतवाड्याच्या मावसभावानं फोन करून सांगावं, आमच्याकडं गेली सावली, आता तुमच्याकडं येईल. मग इकडच्यांनी मैदानात स्टीलचा पेला पालथा घालून ठेवावा. वेळ, बारा वाजून पंचवीस मिनिटं. ढग असतील. चाळीस पोरं माना वर करून उभी राहतील, कुणाची नजर आभाळावर, कुणाची घड्याळावर, आणि ढगांत एखादी फट पडली तर पेल्याभोवतीच्या ओल्या मातीत चहूबाजूंनी नुसता उजेड दिसेल.